मालनच्या हातावरची अर्धी गोष्ट

दीक्षाने गुंडाळी सोडून कॅनव्हास फरशीवर पसरला, तेव्हा ज्ञानदेव आबांनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय वर घेतले. परक्या माणसाच्या कामावर आपला पाय पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर म्हणून जन्म गेला, पण कुणाच्या हत्यारावरही त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता.

रविवार होता. बुधवारी दीक्षा परत जाणार होती, म्हणून महेंद्रने ड्युटी बदलून घेतली होती. सीमाने थालीपिठं लावली होती आणि सरू मागच्या दाराच्या उजेडात हुरड्याची कणसं मळत होती. मोठ्या भावाच्या घरी राहायला आल्यापासून ती कधी रिकाम्या हाताने बसली नव्हती. डाव्या हाताला मनगटापर्यंत लांब बाहीचं पोलकं. उन्हाळा असो की पावसाळा, बाही तेवढीच.

कॅनव्हासची जमीन गेरूसारखी तांबडी होती. तिच्यावर पांढरे, पिवळे, काळपट ठिपके, इतके की मोजायला बसलं तर दिवस जावा. मधोमध वर्तुळात वर्तुळं आणि भोवती घोड्याच्या नालेसारख्या वाकड्या खुणा.

"रांगोळी दिसतीय," महेंद्र म्हणाला.

"रांगोळीचे ठिपके जोडतात, पप्पा. हे जोडायचे नसतात." दीक्षा गुडघ्यावर बसली. "हा पाणवठा. आणि या भोवती बसलेल्या बायका. वाळूत बसलेलं माणूस उठलं की मागे अशीच खूण राहते, बघा. तिथले जे मूळचे लोक आहेत ना, ते आधी वाळूवर, अंगावर काढायचे हे. कॅनव्हासवर आत्ता आलं, तीस-पस्तीस वर्षांत."

"गोरे लोक?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. गोऱ्यांच्या आधीचे. गोऱ्यांनी ज्यांची जमीन घेतली, ते."

"मग आपल्यातलेच म्हण की," सरू मागून म्हणाली. "आन् बसून काय करत्यात त्या बाया?"

"ते मला सांगितलं नाही, आजी. मला सांगण्यापुरतं एवढंच. बाकीचं ठिपक्यांच्या खाली झाकलंय. गोष्ट ज्याची असेल त्यानेच सांगायची, त्यानेच काढायची. घरातल्याने काढली तरी विचारून."

परदेशात, अॅलिस स्प्रिंग्ज नावाच्या गावात, वाळवंटाच्या मधोमध, दीक्षा डायलिसिसची नर्स होती. मशिनवर आठवड्यातून तीनदा येणाऱ्या एका म्हातारीने हे चित्र तिला दिलं होतं.

"नाव काय तिचं?" सीमाने तव्यावरचं थालीपीठ उलटत विचारलं.

"ती गेली, आई. दिवाळीच्या सुमारास. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. खूप दिवस नाही घेत."

"बरं हाय त्यांचं," सरू म्हणाली. "आपल्यात जित्या माणसाचं घेत न्हाईत."

तिने कणसावरून नजर काढली नव्हती. महेंद्रने वडिलांकडे पाहिलं आणि लगेच चित्राकडे. या घरात मालनबाईंचं नाव उच्चारलं गेल्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. आबांची ती धाकटी बहीण, सरूची थोरली. महेंद्रला आपली एक आत्या निमोण्याला आहे हे कळलं तेव्हा तो सातवीत होता, आणि तेही शाळेतल्या एका मुलाकडून.

दीक्षाने मात्र मागे पाहिलं नाही. "मी तिला सांगितलं होतं, माझ्या आजीच्या हातावर पण ठिपके आहेत. नदीपासून सुरू होणारी गोष्ट आहे. तिने विचारलं, पुढे काय होतं. मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, आजी जिवंत आहे का? म्हटलं, आहे. तर म्हणाली, मग तू इथं काय करतेस?"

तव्यावर थालीपीठ करपायला लागलं.

सीमाने गॅस बंद केला. गेला महिनाभर ती एक गोष्ट पोटात घेऊन फिरत होती. जानेवारीत शिरूरला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, तिथं निमोण्याच्या अंजनाताई तिच्या शेजारी बसल्या होत्या, मालनबाईंच्या लेक. दोघींनी तीन दिवस एकाच डब्यात जेवण केलं. हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण महेंद्रच्या तोंडावर सगळं वाचता येतं आणि आबांना वाचायला वेळ लागत नाही.

"मालनआत्यांना धाप लागते," ती म्हणाली. "हृदयाचं आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. अंजनाताई म्हणाल्या, होळी दिसेल असं वाटत नाही."

"तुला कुठं भेटली अंजना?" महेंद्रने विचारलं.

"भेटली. ते नंतर."

"नंतर म्हंजी? मला सांगायचं न्हाई?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आबांना विचारून मला उत्तर दिलं असतं."

एरवी महेंद्र चिडला असता. पण त्या दिवशी त्याला बायकोचं म्हणणं खरं वाटलं आणि खरं वाटलं म्हणून तो गप्प बसला.

*

सरू उठली. हात धुतले. मग सगळ्यांसमोर येऊन चित्राच्या कडेला बसली आणि डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सारली.

दीक्षाने तो हात लहानपणी आंघोळीच्या वेळी पाहिला होता, महेंद्रने कधीच नाही. कोपरापाशी पाच हिरवे ठिपके एका ओळीत होते. तिथून खाली मनगटापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी, मधे पांढरी, कडेने काळपट.

"ही भीमा," तिने पाच ठिपक्यांवर बोट ठेवलं. "वडगाव रासाईची. आमच्या आईचं माहेर. तिथनं ती केंदूरला सासरी चालत आली, दोन दिवस, एकटी. नेयाला मूळ धाडलं नव्हतं कुणी. मालनचं लगीन ठरलं तवा आईनं आम्हा दोघींना एकाच दिवशी बसवलं. गोंदणारी बाई आली हुती. माझा डावा हात आन् मालनचा उजवा, शेजारी शेजारी. माझ्या कोपरापासनं वाट निघायची, मनगटाला यायची, तिथनं मालनच्या मनगटावर जायची आन् तिच्या कोपराला केंदूर. आई म्हणली, तुझं तू सांग, तिचं ती सांगंल. म्हंजी दोघी एकमेकीला सुटणार न्हाईत."

"आणि मग?" दीक्षाने विचारलं, तरी तिला ठाऊक होतं.

"मग बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आपण. छप्पन साल. दादानं घरातले टाक, देव सगळे केंदूरच्या वेळ नदीत सोडले. चांगलं केलं. मी पण ववाळून टाकलं समदं. मग एक दिवस त्यानं माझं मनगट बघितलं. दोन पावलं हुती तिथं, बारकी. म्हणला, ही कुणाची? मी म्हणले, बाभळीखाली देवीचा धोंडा हुता, तिची असतील."

ज्ञानदेव आबा खिडकीबाहेर बघत होते. बोळातून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं. त्यांना बिब्ब्याचा वास आठवला. एकोणतीस वर्षांचे होते ते. हातात नवं आयुष्य आलं होतं आणि ते स्वच्छ असावं, त्याच्यावर जुन्याचा एक डागही नको, असं वाटायचं. बिब्बा गरम करून तेल काढलं, काडीने त्या दोन पावलांवर लावलं. तेवढ्यावरच लावलं होतं. पण रात्रीतून हात सुजला, तेल उतलं, कोपरापर्यंत फोड आले. सव्वा महिना सरू हात उशाशी घेऊन पडून होती आणि एकदाही भावाला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर कितीतरी वेळा वाटलं.

मालन म्हणाली. निमोण्याहून बघायला आली आणि दारातच म्हणाली. तिच्या सासरी कोनाड्यात अजून देवी होती. ते म्हणाले, आधी ती काढ, मग मला शिकव. ती म्हणाली, काय पुसलंस ते तुला मरेपर्यंत सांगणार न्हाई. ते म्हणाले, तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. दोघंही एका आईची. दोघांनी शब्द पाळला.

"उद्या मी सरूआत्याला निमोण्याला घेऊन जातो," महेंद्र म्हणाला. एवढं बोलून तो स्वतःच दचकला.

"जा की," आबा म्हणाले. "मी कवा अडवलं? सरूला मी कधी जा म्हणलो न्हाई आन् नको बी म्हणलो न्हाई."

"नको म्हणायची गरज न्हवती," सरू म्हणाली. "तुझं तोंड पुरत हुतं."

आबांनी पाय खाली सोडले, चित्र टाळून. "मी बी येतो. जीपमध्ये बसंन."

*

सोमवारी सकाळी भाड्याची जीप भीमेचा पूल ओलांडून निघाली आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत रखडत अकराच्या पुढे निमोण्याला पोचली. पुढे महेंद्र आणि आबा, मागे तिघी. वाटेत आबा दोनदाच बोलले. एकदा म्हणाले, इथं पूर्वी सगळी बाजरी असायची. आणि एकदा म्हणाले, हळू चालव.

मालनबाईंचं घर वस्तीच्या टोकाला होतं, स्लॅबच्या दोन खोल्या. गच्चीवर पंचशीलाचा झेंडा होता. आबांनी तो पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. जीप दारासमोरच्या लिंबाखाली उभी राहिली. अंजना बाहेर आली. पन्नाशीची बाई, कपाळ रिकामं, साडीचा पदर खोचलेला. तिने सरूला मिठी मारली, सीमाचा हात दाबला आणि मग जीपच्या खिडकीशी आली.

"मामा, पाणी देऊ का इथंच?"

"दे," आबा म्हणाले.

तिने पाणी आणून दिलं. आत चला म्हणाली नाही. तिला आईने तसं बजावलं होतं.

आतल्या खाटेवर मालनबाई तीन उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की जीव घाबरायचा. सरू त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसली, जशी ती चौसष्ट वर्षांपूर्वी बसली होती, आणि बाही वर सारून डावा हात त्यांच्या हाताला लावून ठेवला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मालनबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. "लई म्हातारी झालीस गं," म्हणाल्या.

"तू काय न्हाती-धुती राहिलीस का?"

दोघी हसल्या. हसता हसता मालनबाईंना धाप लागली. अंजना पाठ चोळायला धावली. सीमाला दाराशी उभं राहून ते बघवेना, ती उगाच पदर नीट करत राहिली.

धाप बसल्यावर दीक्षाने आपली ओळख सांगितली, त्या दूरच्या म्हातारीबद्दल सांगितलं. मालनबाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "शहाणी हुती बाई," त्या म्हणाल्या. "तू काढणार हाईस का हे, कापडावर?"

"तुम्ही दोघींनी हो म्हटलं तर. गोष्ट कळली तर."

"मला न्हाई कुणी विचारलं आजपातूर. माझ्या अंजीनं बी न्हाई." त्यांनी उजवा हात पांघरुणावर सरळ केला. हिरवे ठिपके मनगटापासून कोपरापर्यंत शाबूत होते, कातडीबरोबर थोडे ओघळलेले. "पण अशी न्हाई सांगायची मी. आईनं तिघांना म्होरं बसवून सांगितली हुती. सरूचं झालं आन् दादा मधनंच उठून गेला. मग आई थांबली, माझं मला एकटीलाच सांगितलं. तिघं बसल्याबिगर मी सांगणार न्हाई."

"अगं, तो यायचा न्हाई," सरू म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे. माझ्यासंगं जाईल."

दीक्षा बाहेर गेली. जीपच्या दाराशी उभी राहून तिने सांगितलं, मग समजावलं, मग हात जोडले. आबा समोरच्या काचेतून बघत होते. "पोरी, माणसाचा शब्द असतो," एवढंच ते म्हणाले. महेंद्र स्टिअरिंगवर हात ठेवून खाली बघत होता. दीक्षा आत आली, तेव्हा तिला बघूनच सरूने ओळखलं. ती उठली.

आबांनी आयुष्यभर सरूला दोन पावलं मागून चालताना पाहिलं होतं. आज ती समोरून येत होती, उघड्या हाताने, सगळी आळी बघत असताना.

"दादा, उतर."

"सरू, तू तरी—"

"शब्द तू दिलास. हात माझा गेला. मी एक अक्षर बोलले न्हाई कवा, तुझी चूक न्हवतीच एकट्याची, पावलं देवीची म्हणून मीच म्हणले हुते. पण आज ती मेली आन् तू जीपमध्ये बसून ऱ्हायलास, तर मी तुझ्या घरी परत यायची न्हाई. अंजीकडं ऱ्हाईन."

महेंद्रने गाडीतून उतरून पलीकडचं दार उघडलं. वडिलांना न विचारता केलेली ही त्याची पहिली गोष्ट असावी. आबा त्याच्या खांद्याला धरून खाली उतरले.

उंबरा साधाच होता, शहाबादी फरशीचा, बोटभर उंच. चपला काढायला त्यांना वेळ लागला. आत आल्यावर त्यांची नजर सवयीने कोनाडा शोधू लागली. कोनाड्यात औषधाच्या बाटल्या होत्या आणि वरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर.

"देवी कुठाय?" त्यांच्या तोंडून गेलं.

"बाहत्तरलाच सोडली," मालनबाई म्हणाल्या. "दुष्काळात. खडी फोडून आले आन् नेऊन सोडली. तुला कोण सांगणार? बस."

ते खाटेपाशी पत्र्याच्या खुर्चीवर बसले. बहिणीचं तोंड त्यांनी अजून नीट पाहिलं नव्हतं.

सरूने सुरुवात केली. बोट कोपरावरच्या पाच ठिपक्यांवर ठेवून, लहान मुलीने पाठ म्हणावा तशी. "ही भीमा. दुथडी भरली हुती. आईला नावेत घेतलं, पण सगळे उतरल्यावर, एकटीला. हा ठिपका म्हंजी ती." तो ठिपका आता नव्हता, बोट नुसत्या कातडीवर होतं. "ही इहिरींची गोलं, ही बाहेर आई, पाणी मागत. इथं वाढलं न्हाई. इथं बी न्हाई. इथं एका म्हातारीनं वरनं वतलं. मग माळ, मग बाभळ. बाभळीखाली धोंडा. आन् इथं ती पावलं." तिचं बोट मनगटावर थांबलं. "माझं झालं."

मालनबाईंनी डोळे मिटून घेतले. छाती भात्यासारखी हलत होती.

"आई एकटी न्हवती," त्या म्हणाल्या. "कडंवर पोर हुतं, वरसाचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आन् नेयाला कुणी आलं न्हाई, म्हणून तर निघाली. बाभळीखाली आली तवा हात भरून आले. पोराला खाली ठेवलं आन् पाणी प्याली. वळून बघती तर पोर उभं. धोंड्याला धरून उभं. मग धोंडा सोडला आन् तिच्याकडं आलं, दोन पावलं. पहिलीच."

सरूने आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"देवीची कुठली," मालनबाई म्हणाल्या. "तुझी हायत ती, दादा."

त्यांनी मनगट पुढे केलं. आबांनी वाकून पाहिलं. मनगटापासून ठिपके जोडीने निघाले होते, एक मोठा, एक बारका. सरूने ते लहानपणापासून पाहिले होते आणि नक्षी समजली होती. जोडी चार बोटं वर चालत गेली होती आणि मग बारके ठिपके बंद झाले होते.

"इथपातूर चाललास. इथं दमलास, पुन्ना कडंवर. मग केंदूर." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "त्या दिवशी दारातच सांगायला पायजे हुतं मी. पण तुला लागावं म्हणून न्हाई सांगितलं. म्हणलं, ईल कवातरी विचारायला. लई वाट बघितली. मला बी हट्ट नडला."

आबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. महेंद्रला वाटलं ते माफी मागतील, सीमाला वाटलं ते रडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी हात लांब करून सरूचं डावं मनगट धरलं, त्या सव्वा महिन्यानंतर पहिल्यांदा, आणि अंगठ्याने त्या चुरगळलेल्या कातडीवर काहीतरी चाचपत राहिले.

"इथं हुती का?"

"न्हाई," सरू म्हणाली. "जरा खाली."

त्यांनी अंगठा खाली नेला.

"हां. तिथंच कुठंतरी."